सैल होतील

मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो माझ्या पायाशी बसला होता आणि तरीही ऐकत मीच होते.

शाळेत मी मुलांना ‘पटवून देणे’ या शब्दांचा अर्थ सांगायचे: कारणं देऊन समोरच्याची खात्री करणे. बुटांच्या दुकानातल्या या विक्रेत्याला कारणं लागतच नसत. तो बुटाच्या टोकाशी, जिथे पाय सहसा टेकत नाही नेमकं तिथे, अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, “बाई, चामडं आहे. सैल होतील.” आत माझी बोटं गुदमरत होती, पण वाटलं, आपल्या पायांनाच कळत नसेल.

दुकानात त्याला सगळे ‘वकील’ म्हणत. नको ते नंबर तो खपवायचा, त्यामुळे मालक खूश. “तुमचा नंबर संपलाय,” हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

त्यालाही जे बूट खपवता यायचे नाहीत ते बायकोसाठी घरी जायचे, अर्धा नंबर लहान. तिची एवढीच इच्छा होती की गुडघे कुरकुरायला लागण्याआधी शेजारणींबरोबर सकाळी चालायला जावं. पण पहिल्याच वळणावरून ती लंगडत परत यायची. “अगं, तुझी चालायची पद्धत चुकतेय,” वकिलाने पटवून दिलं. ती बिचारी सहा वर्षं पद्धत सुधारत राहिली.

एका रविवारी मी बुटांच्या नाड्या घ्यायला गेले होते. दुकान गच्च भरलेलं. वकील एका जाडजूड गृहस्थांच्या पायाशी बसून अंगठा दाबत होता.

“साहेब, सैल होतील.”

“कधी?” मागून वकिलाच्या बायकोने शांतपणे विचारलं. “अहो, माझ्या बुटांना सहा वर्षं झाली. यांना अंदाजे तारीख तरी सांगा.”

तिने बूट काढून पाय स्टुलावर ठेवला. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती. गृहस्थांनी बूट काढला. बाकावरच्या आणखी दोघांनीही काढले.

“अगं, घरचं घरी बोलावं,” तो पुटपुटला.

“घरी तुम्हीच बोलता.”

तिथून निघून तिने समोरच्या दुकानात पूर्ण नंबराचे कापडी बूट घेतले.

वकील अजून त्याच दुकानात आहे. मालकाने त्याला पॉलिशच्या काउंटरवर बसवलंय; डबीला नंबर नसतो. बायको रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येते. तोवर चहा तो करून ठेवतो.