गुडघ्याचा शेक

सहलीला गेलो असताना भाचीनं पोहण्याच्या तलावाजवळ माझा पाठमोरा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मांड्यांच्या मागच्या बाजूला पडलेल्या खळ्या त्यात स्पष्ट दिसत होत्या. कुणी काही बोललं नाही. मीच तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि त्याच आठवड्यात सिडकोतल्या एका स्किन क्लिनिकमध्ये गेले.

"याला सेल्युलाइट म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजार नाही, बहुतेक बायकांना असतं. मशीननं थोडं कमी दिसेल, कायमचं जाणार नाही."

मी मान हलवली, पण ऐकलं अर्धंच. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय, शेक घ्यायला जाते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मांड्यांसाठी जाते म्हणायला जीभ रेटेना.

सासूबाई तेव्हा गावाकडून, पिशोरहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचे गुडघे खरोखरच गेले होते. भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येत नसे. मी चौथ्यांदा जाऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं, "फरक हाय का गं?"

"हो, बराच."

"मग मला बी ने की तिथं. लई दुखतं."

मी दोनदा टाळलं. एकदा म्हटलं डॉक्टर गावाला गेल्यात, एकदा मशीन बिघडलंय. पुढच्या वेळी मी आवरून बाहेर आले, तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, चपला घालून दारातल्या खुर्चीवर बसलेल्या. नाही म्हणवेना. त्यांना बाहेरच बसवायचं, आज गर्दी आहे म्हणायचं, असं रिक्षात ठरवलं.

पण काउंटरवरची मुलगी मला बघताच म्हणाली, "मॅडम, आज मांड्यांचं पाचवं सेशन ना?"

सासूबाईंनी भिंतीवरची गुळगुळीत पायांची चित्रं पाहिली. मग तिला विचारलं, "अन् गुडघ्याचं कुठं करता, बाई?"

"इथं गुडघ्याचं नाही होत, आजी. फक्त कातडीचं."

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. "जा तू आत," एवढंच म्हणाल्या. "मी बसते."

आणि मी गेले. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पाऊण तास पालथी पडून राहिले. मशीनचे रोलर मांडीची कातडी ओढत होते आणि मी तोंड उशीत खुपसलं होतं. बाहेर आले तर काउंटरवरची मुलगी आणि वॉचमन मिळून सासूबाईंना खोलगट सोफ्यातून उठवत होते. पाणी प्यायला उठायचं होतं त्यांना.

परतीची रिक्षा केली. मग त्यांनी विचारलं, "दुखतं का गं ते?"

"नाही."

"मग बरंय."

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आई, झाला का शेक?" माझा घास तसाच राहिला.

"माझ्या गुडघ्याला चालत नाय तो," त्या म्हणाल्या आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. इतके दिवस का थांबलात, त्यांनी विचारलं. प्रश्न सासूबाईंना होता. मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.