उचलू काय?

आमच्या एकोडीच्या अंगणवाडीत सुशीलाबाई पोरांचं वजन करायच्या, तेव्हा सारं गाव हसायचं. टांगत्या काट्याच्या झोळीत बसवण्याआधी त्या प्रत्येकाला विचारत, "उचलू काय?" दोन वर्षांचं शेंबडं पोरही "नाही" म्हणालं, की बाई खरंच थांबत. वजनातच निम्मा दिवस जाई, वरच्या मॅडम ओरडत, पण बाई ढिम्म. ती कुरकुरणारी झोळी, तो खिचडीचा वास आठवला की आजही जीव गलबलतो.

मी पाच वर्षांची असताना मंडईच्या जत्रेला बपेऱ्याहून बाबांचे मावसभाऊ गोमाजी आले. दिवाळीनंतर गावात मंडई भरली की घरोघर पाहुणे, आणि लेकरांनी प्रत्येकाच्या मांडीवर बसायचं ही रीतच. गोमाजीकाका गच्च धरत, सोडा म्हटलं तरी सोडत नसत. मी धानाच्या ढोलीमागे लपले. बाबांनी दंडाला धरून ओढून आणलं.

"रिता, काकाच्या मांडीवर बस. इज्जत घालवतं काय माही?"

चहाला आलेल्या सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. "खुशालभाऊ, पोरगी नाही म्हनते ना? मंग नाही."

"बाई, तो घरचाच मानूस आहे."

"घरचा आहे, तं तो समजून घेईन."

काकांचा चेहरा गोरामोरा झाला. बाबा पुढे आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. पण माझा दंड त्यांनी सोडला होता. या गावात कुणीतरी माझ्या बाजूचं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

यंदा बाई निवृत्त झाल्या. मंडईला माहेरी आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम घरी बोलावलं. गुडघे गेलेत, आवाज मात्र तोच. माझ्या चार वर्षांच्या गुड्डीपुढे हात पसरून म्हणाल्या, "उचलू काय?"

"नाही," म्हणत गुड्डी माझ्यामागे सरकली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या बाईंना नाही म्हणते? "अवं, बाई आहेत ना! जा," म्हणत मी तिच्या दंडाला धरून तिला पुढे ढकललं.

बाईंनी हात मागे घेतले. "रिता, पोरगी नाही म्हनते ना?"

मी दंड सोडला. ओसरीवर बाबा खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. गुड्डी थोडा वेळ उभी राहिली, मग आपणहून बाईंच्या शेजारी, वीतभर अंतर ठेवून बसली. माझ्याजवळ मात्र ती संध्याकाळपर्यंत आली नाही.