चेनवाले काका

आता काय सांगू तुम्हाला, आणि कोणत्या तोंडाने सांगू! चहा घ्या आधी. घेतलात? मग ऐका. उज्जैनची टीम एकदा फायनल खेळायला पुण्याला जाणार होती, आणि ती माझ्यामुळे गेली नाही. एकट्या माझ्यामुळे!

नाही हो, मी खेळाडू नव्हतो. माझं पोट बघताय नं? मी फक्त एक काठी धरून उभा होतो.

तर झालं काय, मी जमीन मोजणी खात्यातून नुकताच रिटायर झालेलो. एकतीस वर्षं शेतांतून, नाल्यांतून साखळी ओढली. घरी बसून बसून माधुरीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, माझा इतका कंटाळा आला होता की सकाळी आठलाच ती मला टावर चौकात पोहे खायला पिटाळायची. तिथे एक दिवस चौरसिया भेटला. देवास गेटला त्याचं टेंट हाउस. लग्नाचे मांडव, खुर्च्या, पंगतीची भांडी.

"पोतनीस साहब, आप तो चेन खींचने के मास्टर हो नं?"

"था," मी म्हटलं.

"तो फिर से खींचोगे? आदमी नी मिल रिया है कोई."

मी कशासाठी, कुठे, काहीही न विचारता हो म्हटलं. घरी येऊन माधुरीला सांगितलं, "उद्यापासून मी चेन खेचायला जाणार."

तिने लाटणं खाली ठेवलं. "या वयात? लोकांच्या गळ्यातली?"

चेन होती अमेरिकन फुटबॉलची! एका छोट्याशा लीगची टीम उज्जैनला मिळाली होती, पगारी खेळाडू, पगारी पंच, सगळं रीतसर. आणि या चौरसियाकडे मांडव आहे म्हणून त्यालाच मॅनेजर करून टाकलं होतं. टीमचं नाव ठेवलं उज्जैन राइनोज. गावाने आठवडाभरात त्याचं 'गेंडा पार्टी' केलं.

आता हा खेळ तुम्हाला माहीत नसेल. फुटबॉल म्हणतात, पण पायाचा संबंध फारसा नाही. पपईच्या आकाराचा चेंडू, तो काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या अंगावर जायचं. चार संधी मिळतात. चार संधींत मिळून दहा वार, म्हणजे तीस फूट, पुढे गेलात, तर नव्या चार संधी. नाही गेलात, तर चेंडू समोरच्या टीमला. संपलं! एवढं समजलं की पुरे, मला सीझनभर याहून जास्त समजलं नाही.

हे दहा वार मोजायला मैदानाच्या कडेला एक साखळी असते. दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या. मागची काठी जिथून सुरुवात केली तिथे, पुढची जिथे पोहोचायचंय तिथे. मागची काठी माझी. पुढची रफीकभाईंची. रफीकभाई रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोतनीस साहब, जिंदगीभर लोगों ने चेन खींची और मेरी गाड़ी रुकी. अब मैं खींचूँगा, देखता हूँ कौन रोकता है!"

काय दिवस होते हो ते! चार महिने, पण काय चार महिने!

मैदान इंदूर रोडला होतं. खेळाडूंची कपडे बदलायची खोली म्हणजे चौरसियाचा लग्नाचा मांडव. मैदानात यायचं त्या कमानीवरचं 'शुभ विवाह' काढायचं कुणाला सुचलंच नाही. शंभर-शंभर किलोचे ते गेंडे, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या, आणि गर्जना करत 'शुभ विवाह'च्या खालून धावत येताहेत! आपल्या टीमने गुण केला की वरातीचा बँड वाजायचा. पहिल्या मॅचला तर बायका नटूनथटून आल्या होत्या. लग्न नाही म्हटल्यावरही बसल्या, कारण मारामारी चांगली चालली होती.

आमच्या टीममध्ये बलदेव होता. अवंतिपुऱ्याच्या आखाड्यातला पैलवान, दार अडवेल एवढा रुंद, आणि बोलायला लागला की आवाज शाळेतल्या मुलीसारखा बारीक. चेंडू त्याच्या काखेत दिला की तो सरळ जायचा. वळणं वगैरे त्याला येत नव्हतं. प्रत्येक मॅचआधी माझ्याजवळ यायचा. "काका, आप डंडा पकड़ के रखना, मैं पहुँच जाऊँगा." मी म्हणायचो, "तू फक्त धाव बेटा, मोजायची काळजी माझी." हळूहळू सगळे मला चेनवाले काका म्हणायला लागले. भाजीवालासुद्धा! रिटायर माणसाला नवीन नाव मिळणं म्हणजे काय, ते रिटायर झाल्याशिवाय कळायचं नाही.

आणि मी काम चोख करायचो, बरं का. पंच होते केरळचे थॉमस सर. फार कडक. ते म्हणायचे, "मिस्टर पोतनीस, स्टिक फक्त सरळ धरा." मी ओळंबा लावून सरळ धरायचो! एकदा मैदानाची आखणीच नऊ इंचांनी चुकलीय हे मी त्यांना चालू मॅचमध्ये सिद्ध करून दाखवलं. ते मल्याळममध्ये बरंच काही बोलले. कौतुकच असणार.

होता होता आम्ही जिंकत गेलो. शेवटची मॅच आपल्याच मैदानावर, आणि समोर कोण? इंदूर! आता उज्जैनच्या माणसाला इंदूरबद्दल काय वाटतं, ते मी कशाला सांगू? जो जिंकेल तो पुण्याला फायनलला. बलदेवने तर आधीच लाल रंगाची चाकांची बॅग घेऊन ठेवली होती. आमच्या मॅच इंदूर-देवासपर्यंतच, त्याच्या पुढे तो कधी गेला नव्हता. बॅग मला दाखवायला घरी घेऊन आला, आणि जाताना रस्त्यावरून ओढत न नेता डोक्यावर घेऊन गेला. चाकं खराब होतील म्हणून!

आणि त्या मॅचला मी कुणाला बोलवावं? दफ्तरदार साहेबांना!

दफ्तरदार साहेब म्हणजे माझे खात्यातले पहिले साहेब. मला साखळी धरायला त्यांनी शिकवलं. वय अठ्ठ्याऐंशी, पण आवाज अजून तहसील हादरवणारा. त्यांच्या हाताखाली असताना एकदा माझी मोजणीची काठी वीतभर सरकली होती, तर त्यांनी मला अख्खं शेत पुन्हा मोजायला लावलं. वैशाखात! तेव्हापासून मी त्यांना जेवढा मान देतो, तेवढाच त्यांना घाबरतो.

त्यांची मुलगी वृंदाताई त्यांना घेऊन आली. चौरसियाने नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा आणून थेट रेषेच्या बाहेर, माझ्या मागेच ठेवला. साहेब त्यावर बसले, शेजारी त्यांची हातातली काठी टेकवून ठेवलेली. वृंदाताई मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. तिचा मुलगा बंगलोरला, त्याला ती सगळंच पाठवते.

मॅच अशी रंगली म्हणून सांगू! शेवटची दोन मिनिटं. इंदूर तीन गुणांनी पुढे. चेंडू आपल्याकडे, पण तीन संधी संपलेल्या. चौथी शेवटची. पुढे जायला हवं होतं अवघं दीड वार. तेवढं जमलं की नव्या चार संधी, आणि गुणाची रेषा तर अगदी समोर!

मधे थोडा वेळ खेळ थांबला. काठी घेऊन फिरत फिरत मी पुन्हा सोफ्यासमोर आलो होतो; सहज मागे वळलो, तर साहेब माझ्याकडेच बघताहेत. इतका वेळ कामाच्या गडबडीत त्यांना नमस्कारच केला नव्हता! आता सांगा, गुरू पाठीशी बसलेला आणि आपण पाठ करून उभे? डाव्या हातात काठी धरली, तसाच वाकलो, उजवा हात त्यांच्या पायांना लावला. ते काहीतरी पुटपुटले. आशीर्वादच. मी परत जागेवर ताठ.

शिट्टी झाली. चेंडू बलदेवकडे. बलदेव सरळ निघाला. समोर इंदूरचे पाच जण. एक धडक झाली हो, सोफ्यापर्यंत ऐकू आली! सगळे एकावर एक. ढीग उपसून बघतात, तर सगळ्यात खाली बलदेव, आणि चेंडू छातीशी.

पोहोचला का? नाही पोहोचला? थॉमस सरांनी आम्हाला आत बोलावलं. मी आणि रफीकभाई साखळी घेऊन आत गेलो, मी माझ्या जागेच्या रेषेत काठी टेकवली, रफीकभाईंनी साखळी ताणली. अख्खं मैदान श्वास रोखून. चेंडू पुढच्या काठीच्या चार बोटं पुढे!

पोहोचला! जो काय आवाज उठला! बँड सुरू. चौरसिया कमानीवर चढला. आणि त्या सगळ्या गोंगाटात माझ्या मागून तो आवाज आला, तहसील हादरवणारा.

"पोतनीस! काठी हलवलीस तू! जागेवर ठेव ती! आत्ता!"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. नमस्कार! वाकताना काठी हलली असणार! आणि ती पाहिली कुणी? सबंध मैदानात फक्त साहेबांनी! एकतीस वर्षांत कुणाच्या बांधाचा दगड इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आज आपल्या गावासाठी काठी मागे घेतली? जगाने काय म्हणावं? साहेबांनी काय म्हणावं?

समोर बलदेव दोन्ही हात वर करून नाचत होता. मला त्याची लाल बॅग दिसायला लागली. खरं सांगतो, दोन क्षण मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग मागून पुन्हा, "पोतनीस! ऐकतोस की नाही?"

मी थॉमस सरांकडे गेलो. "सर, माय स्टिक मूव्ह्ड."

त्यांनी डोळे बारीक केले. "आर यू शुअर?"

"शुअर."

"किती?"

आता इथे 'नक्की सांगता येत नाही' म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पण मोजणी खात्याचा माणूस कधी असं म्हणतो का? मी ठणकावून सांगितलं, "दोन फूट. मागे."

खरं तर अशा वेळेसाठी साखळीला मधे एक चिमटा लावतात. काठी हलली तरी त्यावरून जागा परत सापडते. आमचा चिमटा मागच्या मॅचला तुटला होता आणि नवीन आणू का विचारल्यावर मीच छाती काढून म्हटलं होतं, "मी असताना चिमटा कशाला?"

साखळी दोन फूट पुढे सरकवली. चेंडू कमी पडला. बँड मधेच बंद झाला, फक्त एक ढोलवाला कळलं नाही म्हणून वाजवत राहिला. चेंडू इंदूरला. वेळ संपली. मॅच संपली. पुणं संपलं.

लोक मला फाडून खातील असं वाटलं होतं. पण बलदेव आला, शिरस्त्राण काढलं, आणि त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "काका, सच बोला आपने. ठीक किया." आणि तोंड फिरवून गेला. त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जड पावलांनी सोफ्याकडे आलो. साहेब अर्धे उठलेले, वृंदाताईने त्यांना धरलेलं.

"साहेब," मी म्हटलं, "आज तुम्ही मला वाचवलंत."

"कशापासून?" साहेब कावले. "अरे, केव्हाचा ओरडतोय मी! नमस्काराला वाकलास आणि कोपराने माझी काठी सोफ्यामागे ढकललीस! मला बाथरूमला जायचंय!"

मी सोफ्यामागे पाहिलं. साहेबांची काठी गवतात आडवी पडली होती.

"म्हणजे... माझी काठी हलली म्हणून नाही?"

"तुझी? मला सोफ्यावरून ती पलीकडची पोरंसुद्धा नीट दिसत नाहीत. मोतीबिंदू!"

साहेबांना आधी जिथे पोहोचवायचं तिथे पोहोचवलं. मग वृंदाताईने मोबाईलवर शूटिंग दाखवलं. अर्ध्या भागात तिचा अंगठा, पण उरलेल्या अर्ध्यात मी स्पष्ट. वाकलोय, उजवा हात साहेबांच्या पायांवर, आणि डाव्या हातातली काठी? जमिनीत पुरल्यासारखी! तसूभर हलली नाही! माझ्या अख्ख्या नोकरीत मी कधी इतकी स्थिर काठी धरली नव्हती.

"सांगायचं का कुणाला?" वृंदाताईने विचारलं.

मी मैदानाकडे पाहिलं. इंदूरवाले बसमध्ये चढत होते. थॉमस सर कागदावर सही करत होते. आणि खरं सांगू? माझी हिंमतच झाली नाही. एक कबुली देऊन टीम हरवली होती, दुसरी कबुली देऊन मी काय करणार होतो? "राहू दे," मी म्हटलं.

लीग त्या सीझननंतर बंदच पडली. मैदानाचं आता मॅरेज गार्डन झालंय. तिथे खरोखरची लग्नं होतात. बलदेवने आखाड्यातल्या पोरांना शिकवायला घेतलंय, रस्त्यात भेटला की अजून पाया पडतो. मला कसंसंच होतं.

पण खरी फजिती अजून पुढेच आहे. बंद होण्याआधी लीगवाल्यांनी निरोपाचा समारंभ ठेवला. सगळ्या टीम, सगळे पंच. आणि स्टेजवरून माझं नाव पुकारलं! 'सीझनमधला सर्वांत प्रामाणिक माणूस' म्हणून मला ढाल! हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? बलदेव. थॉमस सरांनी माझा हात हातात घेऊन मायक्रोफोन पुढे केला आणि म्हणाले, "मिस्टर पोतनीस, सत्यावर दोन शब्द बोला."

आणि मी बोललो हो! दोन शब्द नाही, तब्बल पंचवीस मिनिटं बोललो!