अब्बा आणि मेन स्विच

नांदेडला कॉलेजच्या रस्त्यावर आमचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, तोही म्हातारा. त्यावर अपडेट सुरू झाला की माझं डोकं फिरायचं. निळा पडदा, गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली हुकूम: बंद करू नका. अरे, बंद कोण करून राहिलंय बाबा, तू आधी चालू तर हो! परीक्षेचा फॉर्म भरायला आलेली पोरं थोडा वेळ थांबायची, मग एकमेकांकडे बघत शेजारच्या दुकानात सटकायची.

अपडेटशिवाय भागतही नव्हतं. जुन्या सिस्टीमवर फॉर्मची वेबसाइट उघडेनाशी झाली होती. दिवसा अपडेट लावावा तर अख्खा दिवस बोंबलायचा. म्हणून मी संध्याकाळी दुकान बंद करताना तो लावून ठेवायचो. सकाळी येऊन पाहावं तर सगळं जिथल्या तिथं. वर पुन्हा 'केलेले बदल मागे घेत आहोत' म्हणून लई वेळ खोळंबा. कारण अब्बा.

अब्बा म्हणजे माझे वडील. दुकान त्यांचंच, पूर्वी तिथं बसून ते टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. मी लहान असताना समोरच्या कापड दुकानाला शॉर्टसर्किटनं आग लागली, सगळं खाक झालं. तेव्हापासून शटर ओढायच्या आधी अब्बा मेन स्विच खाली पाडणार म्हणजे पाडणारच. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली, त्यामुळे खट् झालं की अपडेटही खलास. कितीदा सांगितलं, "अब्बा, आजच्या दिवस राहू द्या ना." घरात आम्ही दखनी बोलतो, चिडलो की मी मराठीवर यायचो. ते "हौ, हौ" म्हणायचे, आणि माझी पाठ वळली की खट्.

पुढे मी सांगणंच सोडलं. अब्बा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग गिऱ्हाइकांची नावं, मग एकदा नमाजहून परत येताना घराची गल्ली. बहीण लातूरला असते, तिनं तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. वर्षानुवर्षं हातात बसलेली कामं सगळ्यात शेवटी सुटतात. ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका, आणि सुटायला लागली तर मला कळवा. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेजारी बसून अब्बा शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होते.

तेव्हापासून संध्याकाळचा तो आवाज मी कान देऊन ऐकायचो. खट् झालं की शिव्या तोंडापर्यंत यायच्या, आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडायचा. अपडेट गेला खड्ड्यात, अब्बा आहेत अजून.

एका संध्याकाळी नेहमीसारखा अपडेट लावून मी स्कूटर काढायला पुढे गेलो, शटर अब्बांनी ओढलं. रस्त्यावर वरातीचा डीजे वाजत होता, त्यात काही ऐकू आलं नाही. सकाळी शटर वर केलं तर पडदा लख्ख उजळलेला. अपडेट पूर्ण! वेबसाइट एका क्लिकवर उघडली. "झालं बाबा एकदाचं!" मी ओरडलोच.

मग बोर्डाकडे नजर गेली. मेन स्विच वरच होता, लाल दिवा चालू.

मागून अब्बा पायरी चढून आले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

"मैं बंद करा था ना?"

"हौ अब्बा, करे थे."

ते स्टुलावर बसून चष्मा पुसायला लागले. दिवसभर पोरं येत राहिली, फॉर्म झरझर भरले गेले. मशीन इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं, आणि मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. दुपारी बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला. डॉक्टरांना कळव म्हटलं.

संध्याकाळी बंद करायच्या वेळेला नेमका दुसरा अपडेट सुरू झाला. पडद्यावर तेच: बंद करू नका.

"अब्बा, बोर्ड," मी म्हटलं.

ते बोर्डासमोर उभे राहिले. हात वर गेला आणि थांबला. पंख्याचं बटन, ट्यूबचं बटन, पुन्हा पंख्याचं. मी त्यांचा हात धरून मेन स्विचवर ठेवला. खाली त्यांनीच ओढला. खट्.

अंधारात अब्बा समाधानानं म्हणाले, "अब चलो घर को."