पुसलेल्या रेघांचा अंगठा
बँकेच्या तासगाव शाखेतून त्या आजींना मी परत पाठवलं, ही चूक माझीच. बेदाण्याचा गोड, किंचित गंधकाचा वास आला की तो नोव्हेंबर अजूनही माझ्याभोवती हळूहळू पसरतो: काचेतून उतरलेलं पिवळं ऊन, पंख्याची संथ घरघर आणि वारलेल्या फौजी नवऱ्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आलेल्या आजी. वर्षानुवर्षं बेदाणा निवडून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या होत्या, त्यामुळे मशीन अंगठा घेईना. “आजी, मशीन म्हणतंय तुम्ही हयात नाही,” मी म्हणालो. रांग हसली. “आवं सायेब, मग बोलतंय कोण? माजं भूत व्हय?” म्हणत त्याही हसल्या, बराच वेळ पदराला अंगठा पुसत राहिल्या आणि शेवटी उन्हात विरघळल्यासारख्या निघून गेल्या. त्यांची पेन्शन थांबली. फेब्रुवारीत न राहवून मी त्या कामाला असलेल्या बेदाण्याच्या शेडवर गेलो. हिरव्या जाळीतून गाळून आलेल्या उजेडात त्या मान खाली घालून बेदाणा निवडत होत्या. “आजी, मला माफ करा,” मी म्हणालो. “दाखला कागदावरही घेता आला असता. जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी टाळलं.”