कोणत्या भुवईवरची खोक

या वन्सं, विमानाने इकडे माझ्याजवळ येऊन बसा. पासपोर्ट काढून दोन वर्षं झाली, आणि तो अजून साड्यांखालीच? असं करतं का कुणी!

इथे दोह्यात नातीने तुमच्या भावाचं मातीचं डोकं करायला घेतलंय. शाळेत रोमन लोकांचा धडा होता. ते म्हणे घराच्या दर्शनी भागातच वाडवडिलांचे मेणाचे मुखवटे ठेवायचे. येणाऱ्याला कळावं, हे कुणाचं घर ते. घरात कुणी गेलं, की तेच मुखवटे घालून माणसं प्रेतयात्रेत चालायची. दगडी पुतळ्यांत सुरकुत्यासुद्धा कोरायचे. कधी धड तयार मिळायचं, त्यावर डोकं तेवढं आपल्या माणसाचं.

मी हसले. आपला हाराचा फोटो तसाच की! जन्मात कोट न घातलेल्या माणसाला फोटोवाल्याने कोट-टाय चढवला. वर भुवईवरची खोक पुसली. तेव्हा मीच म्हटलं होतं, "छान दिसतात."

नात म्हणाली, "आजी, खोक कुठे होती? लेफ्ट की राइट?"

आणि वन्सं, मला आठवेना. सव्वीस वर्षं समोर बसून जेवले, तरी! जुना अल्बम वाळवीने खाल्लेला. मुलगा म्हणतो उजवी, मला वाटतं डावी. सूक वाकिफच्या बाजारात मसाला घ्यायला गेले, तर म्हाताऱ्यांच्या भुवयाच बघत उभी. मुलगा ओढतोय, "यल्ला, चल आई, लोक काय म्हणतील!"

तुम्हाला फोनवर विचारलं, की तुम्ही गुडघेदुखीवर विषय नेता. लहानपणी तुम्ही मारलेल्या विटीनेच ती खोक पडली, ठाऊक आहे मला. अहो, पण ते खोकेवर बोट ठेवून हसायचे, "ही ताईची निशाणी." कोणत्या हाताचं बोट, तेच मेलं आठवत नाही.

शाळेचं काम केव्हाच खलास झालं. नातीने दुसरंच काहीतरी नेऊन दिलं. हे डोकं आता आपल्या दाराशी ठेवायचंय. तिने भुवया कोऱ्या सोडल्यात. एसीत माती सुकते, म्हणून मी तासातासाला उठून फडकं ओलं करते. स्वस्थ बसवतच नाही.

नाकही तुमचंच होतं त्यांना. नातीसमोर बसा, तिचं बोट धरून जागा दाखवा. तिकीट मुलगा काढतोय. माती ओली आहे तोवर या हो, वन्सं.