व्हर्नाची टोपी

"टोपी घालू नका असं नाही म्हणत, मिस व्हर्ना. विकू नका म्हणतोय."

"म्हणजे मी घातली तर खरी, गिऱ्हाइकानं घातली तर खोटी?"

"कुणीही घातली तरी खोटीच. मघापासून तेच सांगतोय."

लोरेन हॉस्टेटर एरवी या अमेरिकन गावात गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. पण एप्रिलमध्ये किल्ल्यात जुन्या काळची सोंगं घेऊन हौशी लोकांचा बाजार भरला, की तो लाल कोटातला सार्जंट होतो आणि तंबूतंबूतून फिरून माल तपासतो. नियम एकच: सतराशे अठ्ठावन्न साली जे नव्हतं, ते आवारात दिसता कामा नये. लोरेन पाळण्यात होता तेव्हापासून व्हर्ना स्टॉटलमायर हा नियम पाळत आली होती. दिवसा शाळेच्या खानावळीत पोरांना वाढायचं, संध्याकाळी खिडकीशी बसून बाजारासाठी लिननचे कपडे शिवायचे, तेही हातानंच. मशीनची टीप तिला दहा पावलांवरून दिसे. प्लास्टिकच्या एका बटणापायी तिनं एका बाईला भर बाजारात रडवलं होतं.

आणि तिची टोपी म्हणजे तर शेवटचा शब्द. गावच्या संग्रहालयातली जुनी टोपी कपाटातून बाहेर काढायला लावून, इंचाला किती टाके ते मोजून बेतलेली. किल्ल्यातल्या सगळ्या बायका तीच घालत.

"संग्रहालयात पत्र सापडलंय," लोरेन हळू आवाजात म्हणाला. "अठराशे शहात्तरचं. देश स्वतंत्र होऊन शंभर वर्षं झाली म्हणून गावातल्या बायकांनी जुन्या आज्यांची सोंगं घेऊन मेजवानी केली. तुम्ही नमुना घेतलात ती टोपी त्यासाठी शिवलेली."

व्हर्ना स्टुलावर बसली. "म्हणजे त्याही आपल्यासारख्याच?"

"अगदी."

"मग त्यांनी कुणाची बघून शिवली?"

"मनानंच शिवली असणार."

"अरे, पण टाके काय बारीक आहेत तिचे."

"टाके उत्तम आहेत. टोपी चुकीची आहे."

रागवावं की हसावं, व्हर्नाला कळेना. "तुझ्या बायकोनं लग्नात हीच घातली होती. इथंच, किल्ल्यातल्या झाडाखाली."

"तिला अजून सांगितलं नाही मी."

दोरीवर चाळीस टोप्या डुलत होत्या. अख्ख्या हिवाळ्याचं काम. लोरेननं त्यांच्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. "तुमच्यावर नियम चालवायची माझी छाती नाही. तुम्हीच ठरवा. ठेवायच्या की उतरवायच्या." आणि तो पुढच्या तंबूकडे गेला.

तिचं ठरायच्या आतच नऊची तोफ वाजली. किल्ल्याचा दरवाजा उघडला. पहिलीच बाई तंबूत शिरली, तिनं एक टोपी काढून उजेडात धरली.

"किती गोड. इथल्या बायका खरंच अशी टोपी घालायच्या?"

तीस वर्षं या प्रश्नाला व्हर्नाचं उत्तर तयार असे: हुबेहूब अशीच. आज तिनं बाहेर पाहिलं. चुलीपाशी स्वयंपाकीण, हौदाशी धोबिणी, सफरचंदं विकणारी म्हातारी. जिच्या तिच्या डोक्यावर तीच टोपी. इथल्या बायका हीच घालतात, एवढं तर खरं होतं. आता यात खोटं नेमकं कुठं सुरू होतं?

"बाई? अशीच घालायच्या ना?"

व्हर्नानं सुई कापडात टोचून ठेवली. आपल्या टोपीची नाडी सोडावी की आवळावी, ते न कळून नाडी नुसतीच बोटांत धरून ती उठली आणि त्या बाईच्या बाजूनं तंबूबाहेर निघून गेली.